नाव सांगितलं भोई-कोळ्यांनी, लिहून घेतलं कर्नल साइक्सने: आपल्या माशांची मराठी नावं जगभर नेणाऱ्या साहेबाची गोष्ट

हल्ली तालुक्याच्या गावातही फिश टँकचं वेड पोचलंय. दिग्रसमध्ये ज्यांच्या घरी टँक आहे, त्यांच्याकडे तळाशी फिरणारा एखादा मिशीवाला मासा हमखास सापडतो. कुणी त्याला कोरी म्हणतं, कुणी सकर म्हणतं, तर कुणी सरळ कॅटफिश. वाळूत तोंड खुपसून उरलंसुरलं खाणारा हा पाहुणा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा.

पण मिशीवाले मासे आपल्याकडेही आहेत की. पैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला शिंगटा आणि शिंगाळा काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्याच्या बोटाला एकदा त्याचा काटा लागलाय, तो तर जन्मात विसरत नाही.

आता गंमत बघा. शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव आहे स्पेराटा सिंघाला. लंडन असो, टोकियो असो की साओ पाउलो, प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला या माशाबद्दल लिहायचं असेल तर आपल्या नदीकाठचा शब्द वापरावाच लागतो.

हा शब्द तिथपर्यंत पोचवला एका इंग्रज फौजी अधिकाऱ्याने. पेशवाई बुडाली तेव्हा तो पेशव्यांच्या विरुद्ध लढत होता. नंतर त्याने याच मुलखातली माणसं, गुरं, पिकं, पाऊस, पक्षी आणि मासे मोजले. त्याचं नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

चौदाव्या वर्षी फौजेत

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातला. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या पोरासाठी नशीब काढायचा रस्ता होता. १८०४ मध्ये साइक्स कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाला. वय होतं चौदा.

पुढच्याच वर्षी लॉर्ड लेकच्या हाताखाली तो भरतपूरच्या वेढ्यात होता. मिसरूड फुटायच्या आत त्याने लढाई बघितली.

पण त्याची पुढची सगळी गोष्ट ज्यावर उभी आहे, ती घटना १८१० ची. त्या वर्षी तो दुभाषाची परीक्षा पास झाला, हिंदुस्थानी आणि मराठी अशा दोन्ही भाषांची. कंपनीचे बरेच अधिकारी मुन्शीवर विसंबून असायचे. साइक्सला मात्र समोरचा माणूस काय बोलतोय ते थेट कळायचं. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. बाजीराव दुसऱ्याच्या फौजेसमोर कंपनीची फौज उभी होती आणि त्यात साइक्स देशी शिपायांच्या तुकडीचं नेतृत्व करत होता. त्यानंतर पुणं पडलं आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. थोडक्यात, आपल्या दृष्टीने हा माणूस शत्रूच्या बाजूचा. ते लपवायचं कारण नाही.

एलफिन्स्टनने दिलेलं विचित्र काम

लढाया संपल्यावर साइक्स काही वर्षं युरोपात फिरला आणि १८२४ मध्ये परत आला. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. नवा मुलूख हाती आला होता, पण त्यात नेमकं काय आहे हे कंपनीला ठाऊक नव्हतं. माणसं किती, जमिनीचा कस काय, मजुरी किती, कुठल्या गावात कुठलं पीक, पाऊस किती पडतो? याची माहिती असल्याशिवाय सारा कसा बसवणार?

एलफिन्स्टनने साइक्सला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं, म्हणजे सरकारी आकडेवारी गोळा करणारा माणूस. त्याच्याकडे पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे आले. या सगळ्याला तो दख्खन म्हणायचा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे काम रयतेच्या भल्यासाठी निघालेलं नव्हतं. राज्य चालवायला आणि महसूल वसूल करायला माहिती लागते, त्यासाठी ते होतं. पण साइक्सचा स्वभाव असा की एकदा मोजायला बसला की थांबायचा नाही. त्याने हवेचा दाब मोजला, पर्जन्यमान मोजलं, जमीनधाऱ्याच्या पद्धती लिहून काढल्या, दख्खनमध्ये मिळणाऱ्या रानरेशमाच्या किड्यावर टिपण लिहिलं, वेरूळच्या लेण्यांवर लिहिलं.

१८२९ मध्ये सरकारने हे पदच रद्द केलं. दुसरा कुणी असता तर बाडबिस्तरा आवरून पलटणीत परतला असता. साइक्सने राहिलेलं काम रजा काढून पूर्ण केलं. जानेवारी १८३१ मध्ये ते संपलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. सोबत होते कागदांचे गठ्ठे आणि प्राण्यांचे नमुने.

ढोकरी बगळ्यापासून महसीरपर्यंत

१८३१-३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीसाठी त्याने दख्खनच्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची यादी छापली. आपल्या तळ्याकाठी मान आखडून बसणारा ढोकरी बगळा शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा त्यानेच नोंदवला. शेताच्या बांधावर थव्याने कलकलाट करणाऱ्या मोठ्या सातभाईला त्याने मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याचं नाव दिलं. दख्खनच्या रानकुत्र्याची नोंदही त्याचीच. आजही पक्षीनिरीक्षकांच्या पुस्तकात साइक्सचा चंडोल आणि साइक्सचा वटवट्या सापडतात.

मग नंबर लागला माशांचा. १८३८ च्या अखेरीस त्याने सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवरचं काम ठेवलं. १८३९ मध्ये त्याचा गोषवारा छापून आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध. भीमा, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांमधले चाळीसहून जास्त मासे त्यात होते. यातले बहुतेक त्याने नवीन म्हणून नोंदवले.

ज्या नदीकाठी तो लढला होता, त्याच नदीतले मासे दहा वर्षांनी तो निरखत होता.

नावांचा खेळ काय असतो?

एखादा प्राणी शास्त्रात पहिल्यांदा नोंदवणाऱ्याला त्याचं नाव ठेवायचा मान मिळतो. नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द म्हणजे प्रजातींच्या गटाचं नाव, म्हणजे आडनावासारखं. दुसरा शब्द त्या एका प्रजातीचा. पुढे संशोधन झालं की आडनाव बदलू शकतं, पण दुसरा शब्द शक्यतो बदलत नाही. जो आधी छापला गेला तो टिकतो.

म्हणूनच त्या काळचे बहुतेक युरोपियन लोक दुसऱ्या शब्दात लॅटिन वर्णन टाकायचे किंवा साहेबांची नावं. साइक्सनेही ते केलं. नदीच्या डोहात राहणाऱ्या, माणसाएवढ्या वाढू शकणाऱ्या अजस्र कॅटफिशला त्याने इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ विल्यम यॅरेलचं नाव दिलं. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांपैकी व्हिगर्स आणि ऑगिल्बी यांनाही एकेक मासा वाटून टाकला.

पण बाकीच्या माशांचं त्याने काय केलं? नदीवरच्या लोकांना विचारलं आणि जे ऐकलं ते रोमन अक्षरांत तसंच लिहून टाकलं. त्यामुळे शास्त्रात अशी नावं आली: सिंघाला, कोलस, खुद्री, मुल्या, बालुकी, टाकरी, गोग्रा, लोना, गुंगवारी, इचकिया. यातला कोलस म्हणजे आपला कोळस, मुल्या म्हणजे दगडाला चिकटून राहणारा मळ्या. साइक्सचं स्पेलिंग जरा विचित्र आहे, पण शब्द मोठ्याने वाचला की नदीकाठची बोली ऐकू येते.

१८१० ची ती मराठीची परीक्षा इथे कामी आली.

बोटाएवढा इचकिया

साइक्सच्या यादीतल्या कॅटफिशमध्ये मोठ्यापासून छोट्यापर्यंत सगळे आहेत. यॅरेलचा मासा सगळ्यात अवाढव्य. शिंगाळा मीटरभराच्या पुढे जाऊ शकतो. लोना मात्र लहानसा, त्याच्या छातीवर घड्यांची गादी असते आणि तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो. आणि इचकिया तर बोटाएवढाच.

इचकिया आणि गोग्रा यांना साइक्सने फ्रॅक्टोसेफॅलस या गटात टाकलं. हा गट दक्षिण अमेरिकेतला. तो त्याच्या नजरेतला घोळ होता आणि नंतरच्या शास्त्रज्ञांनी तो निस्तरला. आज इचकियाचं आडनाव गगाटा आहे आणि गोग्राचं रिटा. पण दुसरा शब्द जसाच्या तसा राहिला.

टँक ठेवणाऱ्यांना हा फ्रॅक्टोसेफॅलस चांगलाच ओळखीचा असेल. दुकानात रेड टेल कॅटफिश म्हणून पिल्लू मिळतं ना, तोच तो. घेताना बोटभर असतो आणि बघता बघता मीटरभराच्या पुढे जातो. मग घरचे लोक वैतागतात आणि कुणीतरी त्याला रात्री धरणात सोडून येतं. हे करू नका. का, ते पुढे येतंय.

डार्विनचा मासा टँकमध्ये आला, साइक्सचा का नाही?

साइक्स भारतातून गेला त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १८३१ मध्ये, चार्ल्स डार्विन बीगल जहाजावर चढला. दक्षिण अमेरिकेत त्याने गोळा केलेल्या माशांमध्ये एक चिमुकला कॅटफिश होता. लेनर्ड जेनिन्सने १८४२ मध्ये त्याचं वर्णन केलं. टँकच्या हौशी लोकांमध्ये तो कोरीडोरास पॅलिएटस म्हणून ओळखला जात आला आहे. १८७० च्या दशकात पॅरिसच्या पिएर कार्बोनिएने या माशाची काचेच्या टाकीत पैदास करून दाखवली. तेव्हापासून हा मासा जगभरच्या घरांत पोचला.

साइक्सचा इचकिया मात्र नदीतच राहिला. कारण समजून घ्यायचं तर दोन्ही माशांची गरज बघावी लागेल.

कोरी कमी जागेत रमतो. सहा-आठ जणांचा गट, तळाला बारीक गुळगुळीत वाळू, लपायला झाडं आणि स्वच्छ पाणी एवढं त्याला पुरतं. पैदाशीची युक्तीही सोपी आहे. आधी आठवडाभर भरपूर आणि चांगलं खाऊ घालायचं. मग टँकमधलं थोडं पाणी काढून तेवढंच किंचित थंड पाणी घालायचं. माशाला वाटतं पाऊस आला. मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. मोठे मासे अंडी खातात, म्हणून अंडी अलगद काढून वेगळ्या भांड्यात हवेच्या नळीजवळ ठेवायची. तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पोटातली पिवळी पिशवी संपली की त्यांना आर्टेमियाची बारीक पिल्लं द्यायची.

आपल्याकडे अडचण येते ती उन्हाळ्यात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. कोरीला बावीस ते सव्वीस अंशांचं पाणी मानवतं. म्हणून झाकण काढून जाळी लावायची, पाण्यावर छोटा पंखा सोडायचा, हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही आणि खाणं कमी करायचं. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर बॅटरीवरचा पंप घरात हवाच.

इचकिया, लोना, टाकरी हे वाहत्या पाण्याचे जीव. त्यांना नदीचा ओघ लागतो. शिंगट्याचे छोटे भाऊबंद टँकमध्ये जगतात, पण पावसाळ्यात नदीला नवं पाणी आलं की अंडी घालायची हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. काचेच्या पेटीत ती वेळ सहसा येत नाही. म्हणून केंद्रांमध्ये त्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घ्यायला लावतात. ही पद्धत भारतात माशांसाठी यशस्वी झाली ती हिरालाल चौधरींमुळे, ओडिशात, १० जुलै १९५७ रोजी. म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

शिंगट्याबद्दल एक सूचना. त्याला जाळीने पकडू नका. त्याच्या कल्ल्याजवळचे आणि पाठीवरचे काटे ताठ होऊन अडकतात आणि जाळीत गुंततात. सरळ डबा पाण्यात बुडवून त्यात घ्या.

साइक्सच्या माशाची पैदास झाली, पण...

साइक्सच्या यादीतल्या एका माशाची पैदास मात्र मोठ्या प्रमाणावर झाली. खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर. हा कॅटफिश नव्हे, खवल्यांचा मोठा मासा. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार होऊ लागली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा या कामात मोठा वाटा होता. याच कुलकर्णींनी १९५२ मध्ये दख्खनमधला एक छोटा कॅटफिश शास्त्रात आणला आणि साइक्सच्याच वाटेने जात त्याला मराठी नाव दिलं: खवलचोर. दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो म्हणून.

महसीरची पिल्लं वळवणहून दुसऱ्या राज्यांतही गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरी नदीत सोडलेला हा पाहुणा तिथे इतका वाढला की तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागे पडला. आज तो अतिधोक्यात असलेल्या माशांमध्ये गणला जातो.

म्हणजे एका नदीचा वाचवलेला मासा दुसऱ्या नदीत संकट ठरू शकतो. आता विचार करा, दक्षिण अमेरिकेतला सकर किंवा रेड टेल आपल्या धरणात सोडला तर काय होईल? सकर तर केरळपासून आंध्रपर्यंत अनेक ठिकाणच्या पाण्यात पसरलाय. मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आफ्रिकन मागूरवर तर देशात बंदीच आहे. टँकमधला मासा नको झाला तर दुकानाला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. अरुणावती धरण हा टँकचा कचरा टाकायचा डबा नाही.

नंतर साइक्सचं काय झालं?

इंग्लंडला गेल्यावर तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच वर्षी लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी सुरू झाली, तिच्या संस्थापकांमध्येही तो होता आणि १८६३ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक बनला आणि १८५६ मध्ये थेट तिचा चेअरमन. चौदाव्या वर्षी ज्या कंपनीत भरती झाला, तिच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर तो बसला. दोनच वर्षांत, १८५८ मध्ये, कंपनीचं राज्य गेलं आणि कारभार राणीकडे आला.

१८५७ पासून तो ॲबर्डीनचा खासदार होता. चीनमधल्या तायपिंग बंडावर पुस्तक लिहून त्याने आपल्याच सरकारच्या चीन धोरणावर टीकाही केली. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो गेला. तेव्हाही तो खासदारच होता.

एक नाव राहिलंच

साइक्सच्या माशांना यॅरेलचं नाव मिळालं, व्हिगर्सचं मिळालं, ऑगिल्बीचं मिळालं. आज शास्त्रीय यादीत इचकियाच्या पुढे साइक्स आणि १८३९ असं लिहितात.

पण त्याला हा इचकिया आहे, हा कोळस आहे, हा मळ्या आहे असं सांगणारा माणूस कोण होता? भल्या पहाटे जाळं टाकणारे, कुठल्या डोहात कुठला मासा, तो कधी अंडी घालतो, कुठला काटा विषारी हे पिढ्यानपिढ्या जाणणारे ते भोई आणि कोळी कोण होते? त्यातल्या एकाचंही नाव शास्त्राच्या यादीत नाही. उरले ते त्यांचे शब्द. त्या लोकांचं नाव न घेता का होईना, साइक्सने त्यांचे शब्द मोडले नाहीत, त्यांच्या जागी लॅटिन बसवलं नाही, हे मात्र त्याच्या खात्यावर जमा करावं लागतं.

दिग्रस साइक्सच्या दख्खनमध्ये नव्हतं. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे त्याची वही इथपर्यंत आली नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या छोट्या माशांची इथली नावं अजून बऱ्याच अंशी म्हाताऱ्या भोई मंडळींच्या तोंडीच आहेत. शिंगाळ्याला बाजारात भाव आहे, म्हणून तो कमी झाला की लगेच कळतं. बोटाएवढ्या माशाला भाव नाही. वाळू उपशाने त्याचा तळ गेला काय, बंधाऱ्याने वाट अडली काय, त्याची बोंब कुणी मारत नाही.

टँकची हौस असलेल्यांची नजर माशावर बसलेली असते. मिशा किती, पर कसा, पट्टा कुठे, हे त्यांना चटकन दिसतं. म्हणून पुढच्या बाजारात मासेवाल्या मावशींच्या टोपलीत एखादा अनोळखी चिमुकला मिशीवाला दिसला, तर फोटो काढा, नदी कुठली ते विचारा, आणि त्याला त्या काय म्हणतात ते लिहून ठेवा. आणि सांगणाऱ्या मावशींची हरकत नसेल, तर खाली त्यांचं नावही लिहा. साइक्सने ते केलं नव्हतं.